संगणक, आरोग्य आणि अभियांत्रिकी यांच्या सीमेवरची पीएच.डी.: अर्जापासून पक्क्या नोंदणीपर्यंत

ऑक्टोबर २०२४ मध्ये माझी पीएच.डी.ची नोंदणी पक्की झाली. छातीवर चिकटवायच्या लहान पट्टीतून मिळणाऱ्या ईसीजीवरून हृदयाचे अनियमित ठोके संगणकाने ओळखावेत, असा माझा विषय आहे. त्यात प्रोग्रॅमिंग आहे, पट्टीचे इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि ती पट्टी लावून घेणारे रुग्णही आहेत. एकाच विद्याशाखेत पीएच.डी. करणाऱ्यांना प्रवेशाची माहिती त्यांच्या विभागातल्या सीनियर मंडळींकडून बऱ्यापैकी मिळते. तीन शाखांच्या मधल्या जागेत काम करू पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक शाखा आपापला तुकडाच सांगते, आणि हे तुकडे कोणत्या क्रमाने जोडायचे ते कुणी सांगत नाही. माझ्या बाबतीत जे ज्या क्रमाने घडले ते तसेच लिहिले आहे.

एम.टेक. झाल्यावर मी काही वर्षे पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरसाठी लागणाऱ्या प्रणालीवर काम करत होते. खोट्या इशाऱ्यांमुळे परिचारिका किती त्रासतात हे तिथे जवळून पाहिले, आणि २०२२ च्या पावसाळ्यात ठरवले की या प्रश्नाकडे नोकरीतल्या मुदतींच्या बाहेर जाऊन पाहायचे. सप्टेंबरमध्ये २०२३ च्या गेट (अभियांत्रिकीतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची राष्ट्रीय) परीक्षेचा अर्ज भरला. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग उमेदवारांना शुल्क ८५० रुपये होते, इतरांना १,७०० रुपये. गेटमध्ये २०२० पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंग हा स्वतंत्र विषय आहे. त्यात सिग्नल आणि सिस्टिम्सपासून शरीरशास्त्रापर्यंत सगळे येत असल्याने मी तोच घेतला. इथे एक काळजी घ्यावी लागते. काही विभाग ठरावीक विषयांचाच गेट स्कोअर ग्राह्य धरतात, त्यामुळे ज्या विभागांत अर्ज करायचा त्यांची आदल्या वर्षीची माहितीपुस्तिका विषय निवडण्याआधी वाचून काढावी. स्कोअर तीन वर्षे वैध राहतो, म्हणजे पहिल्या वर्षी प्रवेश झाला नाही तरी परीक्षा वाया जात नाही.

नोकरी सांभाळून अर्धवेळ करावे की पूर्णवेळ, हा प्रश्न घरात बरेच दिवस चालला. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी.विषयक नवे नियम अधिसूचित झाले आणि त्यांत विद्यापीठांतल्या अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट वाट दिली गेली; त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. याच नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती काढली. किमान कालावधी तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे ठेवला, पुनर्नोंदणी करून दोन वर्षे वाढतात, आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते. स्त्री संशोधकांना संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, हेही मैत्रिणींनी लक्षात ठेवावे. आयआयटीसारख्या संस्थांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, ते वेगळे वाचावे लागतात. मी पूर्णवेळ निवडले, कारण रुग्णालयातले काम सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत चालते आणि ती वेळ नोकरदार माणसाच्या हाती नसते.

त्यानंतर जागांचा शोध सुरू झाला. अशा विषयाच्या जागा ‘कॉम्प्युटर सायन्स’ या एकाच शीर्षकाखाली सापडत नाहीत, त्या वेगवेगळ्या नावांच्या विभागांत विखुरलेल्या असतात. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस आणि बायोइंजिनीअरिंग विभाग आहे, आणि वैद्यकीय उपकरणे घडवणारे बेटिक हे केंद्रही तिथेच आहे. आयआयटी खरगपूरमध्ये स्कूल ऑफ मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे, जिथे डॉक्टर आणि अभियंते एकाच छताखाली शिकतात. तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था तर स्वतःच रुग्णालय आणि उपकरण-संशोधन केंद्र दोन्ही आहे; भारतात विकसित झालेली हृदयाची कृत्रिम झडप तिथलीच. सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांमध्ये एसीएसआयआर या अकादमीमार्फत पीएच.डी. करता येते. राज्यातल्या विद्यापीठांचे मार्ग याशिवाय आहेतच. माझ्या वेळी तिथे प्रवेश बहुतांशी ‘पेट’ या विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेश परीक्षेवर होत असे. मार्च २०२४ मध्ये यूजीसीने नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा निकाल पीएच.डी. प्रवेशासाठी वापरण्याचे धोरण जाहीर केले. त्यात केवळ पीएच.डी.साठी पात्र ठरलेल्यांच्या नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे, आणि ते गुण एक वर्षच चालतात. नव्याने अर्ज करणाऱ्यांनी आपल्या विद्यापीठाने यांपैकी कोणती पद्धत घेतली आहे ते आधी पाहावे.

डिसेंबर २०२२ पासून मी प्राध्यापकांना ई-मेल लिहू लागले. सुरुवातीला आठवडेच्या आठवडे कुणाचे उत्तर येत नसे आणि मन खट्टू होई. पुढे मी पत्राची मांडणी बदलली: त्या प्राध्यापकांच्या अलीकडच्या एका शोधनिबंधातला मला पडलेला नेमका प्रश्न पहिल्याच परिच्छेदात, माझी पार्श्वभूमी दोन-तीन वाक्यांत, आणि शेवटी “आपल्याकडे या विषयासाठी सहमार्गदर्शक म्हणून एखादे डॉक्टर आहेत का?” असा थेट प्रश्न. या शेवटच्या प्रश्नाने माझी निवड सोपी केली. काहींनी मोकळेपणाने कळवले की त्यांचे काम सार्वजनिक माहितीसंचांवरच चालते. काहींनी कुठल्या रुग्णालयाशी करार आहे ते सांगितले. ज्यांच्याकडे मी आज काम करते त्या सरांनी उत्तरात एका हृदयरोगतज्ज्ञांचे नाव देऊन लिहिले, “त्यांच्याशी आधी बोला. त्यांना प्रश्न पटला तर मला पटेल.” आजही कुणी सल्ला विचारला तर मी हाच प्रश्न पहिल्या पत्रात विचारायला सांगते, कारण रुग्णालयाचे दार कोण उघडून देणार हे ठरल्याशिवाय या क्षेत्रातला विषय कागदावरच राहतो.

परीक्षा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि १६ मार्चला निकाल लागला. लगेच अर्जांचा हंगाम सुरू झाला. संशोधनाचे निवेदन लिहिण्यापेक्षा कागदपत्रे जमवण्यातच माझा जास्त वेळ गेला. जुन्या विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळायला अनेक आठवडे लागतात, म्हणून तो अर्ज निकालाची वाट न पाहता करून ठेवावा. शिक्षण आणि प्रवेश यांच्यात खंड असेल तर तसे शपथपत्र लागते, अनुभवाचे पत्र कंपनीच्या लेटरहेडवरच लागते, आणि रुजू होताना स्थलांतर प्रमाणपत्राशिवाय पान हलत नाही. इतर मागास वर्गातील उमेदवारांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. केंद्रीय संस्थांना नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि सहसा चालू आर्थिक वर्षातले, म्हणजे १ एप्रिलनंतर दिलेले लागते. आपल्याकडे तहसील कार्यालयातून सहज मिळते ते राज्याच्या नमुन्यातले असते. अर्जाची मुदत मात्र बहुधा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्येच संपते. अनेक संस्था अशा वेळी हमीपत्र घेऊन नंतर प्रमाणपत्र स्वीकारतात. माहितीपुस्तिकेच्या परिशिष्टात त्या हमीपत्राचा नमुना असतो, तो शोधावा.

मे महिन्यात लेखी चाचण्या आणि मुलाखती झाल्या. ज्या मुलाखतीतून माझी निवड झाली तिच्यात इलेक्ट्रॉनिक्सचे दोन प्राध्यापक, संगणकशास्त्राच्या एक मॅडम आणि ते हृदयरोगतज्ज्ञ बसले होते. पहिला प्रश्न अगदी साधा होता: फळ्यावर एका ठोक्याचा ईसीजी काढा आणि त्यात घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट मिसळला तर काय दिसेल ते दाखवा. मग तो गोंगाट काढताना मूळ लहरीचा आकार कसा बिघडू शकतो, यावर बराच वेळ गेला. संगणकशास्त्राच्या मॅडमनी माझ्या निवेदनातल्या एका वाक्यावर बोट ठेवले. त्यात मी एमआयटी-बीआयएच या ईसीजी नोंदींच्या प्रसिद्ध माहितीसंचाचा उल्लेख केला होता. ४७ व्यक्तींच्या, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी त्यात आहेत, सेकंदाला ३६० नमुने या वेगाने घेतलेल्या. “ठोके सरमिसळ करून प्रशिक्षणासाठी आणि चाचणीसाठी वेगळे कराल, की माणसे वेगळी कराल?” असे त्यांनी विचारले. एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेले तर प्रणाली त्या माणसाला ओळखू लागते आणि अचूकता फुगून दिसते, म्हणून विभागणी माणसांनुसारच करायला हवी, असे मी उदाहरणासह सांगितले. या क्षेत्रात अर्ज करणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा पक्का करून जावे, तो कुठल्या ना कुठल्या रूपात विचारला जातोच.

डॉक्टर शेवटी बोलले. “तुमची पट्टी रात्री दोन वाजता चुकीचा इशारा देईल. पेशंट घाबरून सकाळी माझ्या दारात उभा राहील. मी त्याला काय सांगू?” मी थोडा वेळ मागून घेतला आणि मग उत्तर दिले की संशोधनाच्या टप्प्यात पट्टीने रुग्णाला कोणताही इशारा देऊ नये, तिने फक्त नोंद करावी, आणि तिची तुलना नेहमीच्या होल्टरशी (अंगावर बाळगून सलग ईसीजी नोंदवणाऱ्या यंत्राशी) नंतर करावी. हेच उत्तर पुढे माझ्या संशोधन आराखड्याचा पाया झाले.

जूनमध्ये निवड कळली आणि लगेच नोकरीतून मोकळे होण्याचा प्रश्न उभा राहिला. तीन महिन्यांची नोटीस आणि जुलैमधले रुजू होणे यांचा मेळ बसत नव्हता. संस्थेकडे लेखी विनंती केल्यावर काही आठवड्यांची मुदतवाढ मिळाली, पण कंपनीचे कार्यमुक्तीपत्र दिल्याशिवाय विद्यावेतन सुरू होणार नाही असेही त्या पत्रात होते. निवड झाल्याचा ई-मेल येताच ही विनंती करावी, कारण नंतर प्रतीक्षायादी हलू लागते.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. जून २०२३ मध्ये विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने कनिष्ठ संशोधकांची अधिछात्रवृत्ती दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये केली, वरिष्ठांची ३५,००० वरून ४२,०००, आणि ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली; घरभाडे भत्ता शहराच्या वर्गानुसार वेगळा मिळतो. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत पहिली दोन वर्षे दरमहा ७०,००० रुपये मिळत असत, पण तिची निवडप्रक्रिया निराळी आणि कडक होती. महाराष्ट्रातल्या उमेदवारांसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. एकाच वेळी दोन ठिकाणची अधिछात्रवृत्ती घेता येत नाही. हे आकडे कागदावर समाधानकारक वाटले तरी रक्कम पहिल्याच महिन्यात हाती पडेल असे गृहीत धरू नये. माझे विद्यावेतन काही महिन्यांनी थकबाकीसह जमा झाले, आणि तोवर सत्राचे शुल्क, वसतिगृहाची अनामत आणि लॅपटॉपची दुरुस्ती हे सगळे साठवणीतून झाले. ज्यांच्यावर घर अवलंबून आहे त्यांनी निदान चार-सहा महिन्यांची तजवीज करूनच राजीनामा द्यावा, असे मी अगदी कळकळीने सांगेन.

कोर्सवर्क २०२३ च्या उत्तरार्धात सुरू झाले. यूजीसीच्या नियमांत किमान १२ क्रेडिट आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतीचा अभ्यासक्रम सांगितलेला आहे. माझ्या संस्थेत त्याहून अधिक होते. विषय निवडताना मी जैवसांख्यिकी घेतली, आणि तिचा उपयोग इतर सर्व विषयांहून अधिक झाला. अभियंत्याला अचूकतेची टक्केवारी पुरेशी वाटते, डॉक्टर मात्र संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती ओळखले), विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) आणि किती रुग्ण घ्यायचे याचा हिशेब मागतात. नमुन्याची संख्या कशी काढली हे लिहिता आले नाही, तर माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीकडे अर्ज पुढे सरकतच नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या समितीच्या अर्जाला हात घातला. खरी दमछाक इथे झाली. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हा यातला मूळ ग्रंथ आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणाऱ्यांसाठी २०२३ मध्ये वेगळी तत्त्वे आली आहेत. दोन्ही विनामूल्य मिळतात आणि दोन्ही सावकाश वाचण्यासारखी आहेत. समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, आणि डॉक्टरांबरोबर कायद्याचे जाणकार, समाजशास्त्राचे अभ्यासक व एक सर्वसामान्य नागरिकही असतो. नाव-गाव काढून टाकलेल्या सार्वजनिक माहितीवर काम असेल तर सवलतीचा मार्ग मिळू शकतो. माझी पट्टी प्रयोगशाळेत बनलेली असल्याने पूर्ण समितीपुढे जाणे भाग होते.

अर्जासोबत सगळ्या संशोधकांचे सही केलेले परिचयपत्र, गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे (रुग्णांवरचे संशोधन नियमांनुसार करण्याच्या प्रशिक्षणाचे) प्रमाणपत्र, विभागप्रमुखांची परवानगी, खर्चाचा अंदाज, मराठी, हिंदी आणि इंग्रजी संमतीपत्र, आणि पट्टीच्या विद्युत सुरक्षेचा अहवाल द्यावा लागला. हा अहवाल बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून घेतला, त्याचा खर्च सरांच्या प्रकल्पनिधीतून झाला. शरीराला चिकटणाऱ्या उपकरणातून गळणारा विद्युतप्रवाह किती असावा याच्या मर्यादा आयईसी ६०६०१ या मानकात दिलेल्या आहेत. बीएफ प्रकारच्या, म्हणजे शरीराला जोडलेल्या पण थेट हृदयाला न भिडणाऱ्या उपकरणाला सामान्य स्थितीत ही मर्यादा १०० मायक्रोअँपिअर आहे. आमची पट्टी बॅटरीवर चालते आणि अंगावर असताना चार्ज करताच येत नाही अशी तिची रचना आहे, हे आकृतीसह दाखवल्यावर त्या बाजूच्या शंका मिटल्या.

बैठकीत सर्वांत नेमका प्रश्न सर्वसामान्य नागरिक म्हणून बसलेल्या आजोबांनी विचारला. ते म्हणाले, “पट्टी लावली म्हणजे कुणीतरी चोवीस तास माझ्या हृदयावर लक्ष ठेवून आहे, असं मला वाटेल. मग छातीत दुखलं तरी मी घरीच बसेन. याचं काय?” त्यांच्या सांगण्यावरून संमतीपत्राच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत वाक्य आले: ही नोंद त्या वेळी कुणीही पाहत नसते, छातीत दुखल्यास, चक्कर आल्यास किंवा दम लागल्यास पट्टीची वाट न पाहता लगेच रुग्णालयात यावे. माझ्या संपूर्ण आराखड्यातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे मी आजही मानते. दुसऱ्या एका सदस्यांनी विचारले, की सार्वजनिक माहिती उपलब्ध असताना आमच्या रुग्णांना त्रास कशाला? त्या प्रसिद्ध नोंदी १९७५ ते १९७९ या काळात बॉस्टनच्या रुग्णालयात, त्या वेळच्या उपकरणांनी घेतलेल्या आहेत, आणि चालत्या-फिरत्या माणसाच्या छातीवरच्या एकाच पट्टीतून येणारी लहर तशी नसते, हे दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा ते पटले.

समितीच्या लेखी शंकांना उत्तरे देऊन ऑगस्टमध्ये मंजुरी मिळाली. या सगळ्यापेक्षाही रेंगाळला तो संस्था आणि रुग्णालय यांच्यातला माहितीच्या देवाणघेवाणीचा करार. दोन्हीकडच्या विधी विभागांत मसुदा फिरत राहिला. माहितीची मालकी कुणाची, पेटंट झाले तर वाटा कसा, ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याखाली जबाबदारी कुणाची, हे मुद्दे एकेक करून सुटले. ठरले असे, की रुग्णाच्या नावाऐवजी माझ्याकडे फक्त सांकेतिक क्रमांक येईल, आणि क्रमांक व नावे जोडणारी वही डॉक्टरांच्या कुलूपबंद कपाटात राहील. हा मसुदा नैतिकता समितीच्या अर्जाबरोबरच सुरू करावा, म्हणजे दोन्हींची वाट पाहणे एकाच वेळी होते. पुढे सीटीआरआय या रुग्णांवरच्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत अभ्यासाची नोंद केली. तिला शुल्क नाही, मात्र पहिला रुग्ण सामील होण्याआधी ती व्हावी लागते आणि तिथूनही शंका विचारल्या जातात.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरल कमिटीपुढे (पीएच.डी.च्या कामावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांच्या समितीपुढे) आराखडा मांडला आणि नोंदणी पक्की झाली. नोव्हेंबरमध्ये पहिल्या रुग्ण ताईंनी संमतीपत्र पूर्ण वाचून, दोन प्रश्न विचारून, सही केली. आता नैतिकता समितीला दरवर्षी प्रगती अहवाल द्यायचा आहे, आणि आराखड्यातला लहानसा बदलही आधी कळवायचा आहे. उकाड्यात पट्टीचा चिकटपणा कमी पडेल अशी शंका डॉक्टरांनी काढल्यामुळे आम्ही दुसऱ्या प्रकारच्या चिकट थराचा दुरुस्ती-अर्ज जानेवारी २०२५ मध्येच दाखल केला, आणि मंजुरी येईपर्यंत जुन्याच पट्ट्यांवर काम सुरू ठेवले आहे.